मेंदूच्या स्कॅनवर रमीची जाहिरात लावणाऱ्या ॲपमालकांस

महाशय,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात धजावत नाही, म्हणून नुसतंच महाशय. तुमच्या ॲपचं नाव मी या पत्रात घेणार नाही. नाव घेतलं तर तुमची फुकट प्रसिद्धी होईल, आणि प्रसिद्धीची तुमची हौस किती दांडगी आहे ते मी एका माणसाच्या कवटीवर पाहिलेलं आहे. तुम्ही स्वतःला ओळखाल. तुमचं ॲप पेशंटच्या गळ्यात मारणारे स्कॅन सेंटरवालेही स्वतःला ओळखतील. पत्र त्यांनाही लागू आहे.

मी मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावात दवाखाना चालवतो. ताप, खोकला, वागळीचा काटा लागलेला पाय, गळ रुतलेलं बोट, मे महिन्यात आंब्यावरून पडलेला गडी, असं सगळं माझ्या दारात येतं. माझ्याकडे सीटी स्कॅनचं मशीन नाही. ते तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी. मेंदूचं ऑपरेशन करणारा सर्जन त्याहून लांब, बहुतेक वेळा गोव्यात बांबोळीला, कधी कोल्हापुरात, कधी बेळगावात. मालवणातून बांबोळी शंभरावर किलोमीटर. पावसात कोल्हापूरच्या वाटेवरचा घाट उघडा आहे की दरड आली आहे, हे आधी फोन करून विचारावं लागतं. अशा मुलखात माणूस हलवायचा की नाही, हा रात्रीचा सगळ्यात जड प्रश्न असतो. त्याचं अर्धं उत्तर पेशंटला तपासून मिळतं आणि उरलेलं अर्धं स्कॅनमध्ये असतं. ते अर्धं उत्तर माझ्या फोनवर आणून देण्याचं काम तुम्ही स्वतःहून अंगावर घेतलंत. कोणी तुमच्या पाया पडायला आलं नव्हतं.

आता तुम्ही काय केलंत ते सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर एक माणूस माडावरून पडला. पडून उठला, चालत घरी गेला, संध्याकाळी डोकं दुखू लागलं, एकदा उलटी झाली. हृदयात स्टेंट घातलेला, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. म्हणून मी सीटी करायला पाठवलं. रात्री मुलाचा फोन आला. "डॉक्टरांनू, बापाशीचो स्कॅन झालो. लिंक धाडलंय तुमका. ह्येका बांबोळीक व्हरूक होयो काय, तेवढा सांगा." रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट सकाळी येणार होता. माणूस शुद्धीवर होता, बोलत होता. बाहेर पाऊस धरलेला.

लिंक उघडली तर आधी ॲप उतरवून घ्या म्हणाली. घेतलं. मग त्याला माझे सगळे फोन नंबर पाहायचे होते. मग मी कुठे उभा आहे ते जाणून घ्यायचं होतं. एका माणसाचा मेंदू बघायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो, याचं उत्तर तुम्ही जाहीरपणे द्यावं अशी माझी मागणी आहे. परवानगी नाकारली की पुढे जात नव्हतं, म्हणून दिली. ओटीपी आला. चक्र फिरलं. पेशंटचं नाव दिसलं, आणि त्याच्या कवटीच्या बरोबर मध्यावर पत्त्यांची जाहिरात आली. राजा, राणी, गुलाम, पैसे जिंका. ती बंद करायची फुली मुंगीच्या डोक्याएवढी. रेंज एक काडी होती, स्कॅन अडकत होता, जाहिरात एकदाही अडकली नाही. तुमच्याकडे हुशार माणसं आहेत, यात शंका नाही. ती कुठे कामाला लावलीत, तेही त्या रात्री दिसलं.

जाहिरात गेल्यावर खाली जे आलं तो स्कॅन नव्हता. स्कॅनमधून उचललेली मोजकी चित्रं होती, तीही दाबून लहान केलेली, कोपऱ्यात तुमचा रंगीत शिक्का मारलेला. शिक्का नेमका जिथे डावं-उजवं लिहिलेलं असतं त्या अक्षरावर. महाशय, सीटीच्या चित्रात पेशंटची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. हे माहीत असूनही दमलेला डॉक्टर चुकू शकतो, म्हणून ते अक्षर तिथे छापतात. कवटी कुठल्या बाजूला उघडायची ते त्या अक्षरावर ठरतं. तुम्ही त्यावर स्वतःचं नाव चिकटवलंत.

डाव्या-उजव्याचं जाऊ दे. त्याहून मोठा गुन्हा सांगतो, आणि तो जरा सावकाश सांगतो, कारण तुमचं ॲप रोज उघडणाऱ्या शेकडो घरांना तो कोणीच समजावून सांगितलेला नाही.

सीटीचं मशीन फोटो काढत नाही. ते शरीराच्या कणाकणाला एक आकडा देतं. गॉडफ्री हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे मशीन बनवलं, १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या पेशंटचा मेंदू त्यात पाहिला गेला, १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि तो आकडा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. पाणी शून्य. हवा उणे हजार. चरबी उणे शंभरच्या आसपास. मेंदू पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान. ताजं साकळलेलं रक्त साधारण पन्नास ते ऐंशी. कवटीचं हाड कित्येक शे, कधी हजारावर. असे चार हजारांच्या वर आकडे एका चित्रात मावतात. माणसाच्या डोळ्याला इतक्या करड्या छटा वेगळ्या कळत नाहीत, आणि तुमच्या दाबलेल्या चित्रात तर २५६ च छटा असतात. म्हणून बघणारा डॉक्टर त्या आकड्यांतला हवा तेवढा पट्टा निवडतो. त्याला आम्ही विंडो म्हणतो. मेंदूसाठी नेहमीची विंडो शून्य ते ऐंशी. शून्याच्या खालचं सगळं काळं, ऐंशीच्या वरचं सगळं पांढरं.

आता कवटीच्या आतल्या बाजूला रक्ताचा पातळ थर साचलाय असं समजा. रक्त ऐंशीला टेकलेलं म्हणजे जवळजवळ पांढरं. शेजारी हाड, तेही पांढरं. पांढऱ्याला पांढरं चिकटलं की नजरेला नुसती कवटी जराशी जाड वाटते. रक्त तिथेच असतं आणि दिसत नाही. उपाय अगदी साधा. विंडो रुंद करायची. मग हाड पांढरंच राहतं, रक्त करडं होतं, आणि मघाशी हाडात लपलेला थर कडेपासून सुटून वेगळा उभा राहतो. चांगल्या ॲपमध्ये यासाठी बोट काचेवरून सरकवावं लागतं, बस.

मी तुमच्या ॲपमध्ये बोट सरकवलं. चित्र मोठं झालं. पुन्हा सरकवलं. आणखी मोठं झालं, फुटलं, चौकोन चौकोन दिसू लागले. डाव्या कानाच्या वर कवटी मला जाड वाटत होती. की उजव्या? शिक्क्याखाली कळेना. विंडो बदलायची सोय तुमच्या ॲपमध्ये नाहीच, आणि असूच शकत नाही, कारण आकडे तुम्ही आधीच फेकून दिले होते. उरला होता तो चार हजार आकड्यांचा एकदाच पिळून काढलेला चोथा. त्याला तुमच्या पहिल्या पडद्यावर 'संपूर्ण स्कॅन तुमच्या मुठीत' असं म्हटलंय. हे वाक्य खोटं आहे. उद्धट शब्द वापरायची माझी सवय नाही, म्हणून खोटं एवढंच म्हणतो.

मग मी सेंटरवर फोन लावला. ड्युटीवरचा तंत्रज्ञ तरुण पोरगा, झोपेतून उठला होता. त्याला म्हटलं, अरे बाबा, मशीनमधून निघालेलं डायकॉमचं, म्हणजे मूळ आकड्यांच्या फाइलींचं, फोल्डर जसंच्या तसं दे. तो म्हणाला, "सर, असा कोण मागत नाय." पण दिलं. झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. हा फरक तुमच्यापेक्षा त्या पोराला जास्त कळत होता. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, डॉक्युमेंटला हात लावत नाही, आणि २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल तशीच जाते. फाइल यायला वेळ लागला, पण पूर्ण आली. माझ्या फोनवर डायकॉम उघडणारं दुसरं एक साधं ॲप होतं. त्यात विंडो रुंद केली आणि डाव्या बाजूला कवटीपासून सुटलेली करडी कोर स्वच्छ दिसली. मोजपट्टी लावून जाडी मोजली. तीच फाइल गोव्यातल्या सर्जनांना पाठवली. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ता बंद, आणि रात्रीच निघा. निघाले. तिथे देखरेखीखाली ठेवलं, पुन्हा स्कॅन केला, ऑपरेशन न लागता माणूस घरी आला. पेशंट बरा झाला यात तुमचा काडीचा वाटा नाही, हे नोंदवून ठेवतो, कारण 'आमच्यामुळे वाचला' असं तुम्ही जाहिरातीत लिहाल अशी मला रास्त भीती आहे.

तुम्ही म्हणाल, फोनच्या पडद्यावर निदान करायचंच नसतं. अगदी बरोबर. मग ते ॲपवर लिहा. जगात हे काम नीट केलेली माणसं आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सीटी, एमआरआय यांसारखी चित्रं आयफोनवर-आयपॅडवर पाहण्यासाठी पहिल्यांदा एका ॲपला मान्यता दिली. मोबाइल एमआयएम त्याचं नाव, कंपनी क्लीव्हलँडची. मान्यता देताना पडद्याचा उजेड, चित्राची स्पष्टता, त्यातली खरखर, सगळं तपासलं, आणि अट घातली की मोठं वर्कस्टेशन हाताशी नसेल तेव्हाच हे वापरायचं, त्याच्या जागी नाही. त्या ॲपमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती वाचून माझा त्या कारागिरांबद्दल आदर वाढला. पडद्याच्या एका भागाची छटा आजूबाजूपेक्षा किंचित वेगळी केलेली असते. ती तुम्हाला दिसली आणि तुम्ही तिच्यावर बोट ठेवलंत, तर तुम्ही उभे आहात त्या उजेडात हा पडदा वाचता येतोय असं धरायचं. मालवणच्या जेटीवर दुपारी बारा वाजता ही परीक्षा कोणीही नापास होईल, आणि नापास झालेलंच बरं. तुमच्या ॲपने मला परीक्षा घातली ती रमीची.

त्याच्याही आधी, २००४ च्या सुमारास, जिनिव्हाच्या ॲन्टवान रोसे आणि उस्मान रतीब या डॉक्टरांनी ओसिरिक्स नावाचा प्रोग्राम लिहिला आणि त्याची घडण सगळ्यांसाठी खुली केली. स्वतः स्कॅन वाचणारी माणसं होती ती, म्हणून विंडो, मोजपट्टी, सगळे काप ओळीने पुढे-मागे सरकवणं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सुचलं. सुरमईची एक तुकडी बघून अख्खा मासा किती लांब होता ते सांगता येत नाही, हे आमच्या बाजारातली कोळीणसुद्धा जाणते. मेंदूचे मोजके काप दाखवून संपूर्ण स्कॅन म्हणणाऱ्याला तिने दारात उभं केलं नसतं.

आणि 'खेडेगावात कोणाला एवढं कळतंय' हा जो तुमचा हिशोब आहे, त्याबद्दलही बोलू. महाराष्ट्रात टेलिमेडिसिनची सुरुवात झाली तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाला इस्रोच्या उपग्रहातून पाच जिल्हा रुग्णालयं जोडली होती. नंदुरबार, सातारा, लातूर, बीड आणि पाचवा आमचा सिंधुदुर्ग. म्हणजे लांबून चित्र पाहून सल्ला देणं-घेणं या जिल्ह्याला तुमच्या जन्माआधीपासून माहीत आहे. तेव्हा खिशात स्मार्टफोन नव्हते, आमच्या ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. आज दोन्ही आहेत. मधल्या वर्षांत तंत्र स्वस्त झालं, आणि त्या स्वस्ताईत तुमच्यासारखे शिरले.

कोविडमध्ये तर तुमचा सुकाळ होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला एचआरसीटीचे, म्हणजे फुप्फुसांच्या सीटीचे, दर बांधून द्यावे लागले, मशीन किती स्लाइसचं त्याप्रमाणे दोन ते तीन हजार रुपये. घराघरात पंचवीसपैकी स्कोअर किती याची चर्चा. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून, मागे माडाच्या झावळ्या, पुढे फ्लॅशचा पांढरा गोळा, असे फोटो मला रात्रंदिवस येत. त्या लोकांना मी दोष देत नाही. हातात जे होतं ते त्यांनी पाठवलं. फिल्म म्हणजे तरी काय, कोणीतरी आधीच विंडो ठरवून छापलेली छोटी छोटी चित्रं. तिचा फोटो म्हणजे सावलीची सावली. फुप्फुसाला विंडो लागते ती उणे चौदाशे ते दीडशेच्या आसपासची, मेंदूपेक्षा कितीतरी रुंद. मेंदूसाठी छापलेल्या चित्रात फुप्फुस नुसतं काळं भोक दिसतं. हे साध्या शब्दांत लोकांना सांगण्याची संधी तुम्हाला होती. तुम्ही तेव्हा फिल्मचे फोटो 'एचडी' करून देण्याचं बटण काढलंत. जे चित्रात नाही ते रंगवून भरण्याला आमच्या धंद्यात वेगळं नाव आहे.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. मालवण, देवगड, वेंगुर्ला, किनारा सगळा झोडपून निघाला. विजेचे खांब आडवे, रेंज गेली, अंधारात दिवस काढले, आणि दुसरी लाट ऐन भरात. तुमचं ॲप इंटरनेटशिवाय आधी पाहिलेलं चित्रसुद्धा उघडत नाही, हे तेव्हा कळलं. कोकणात डॉक्टरसाठी ॲप निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: रेंज गेली तर काय? फाइल फोनमध्ये उतरून घेता येते का, आणि फोन विमानातल्या मोडवर टाकूनही ती उघडते का? एका कापाची फाइल साधारण अर्धा एमबी. तीनशे कापांचा स्कॅन म्हणजे दीडशे एमबीच्या घरात. आजच्या फोनला हे ओझं नाही. ओझं होतं ते तुम्हाला, कारण माणूस ऑफलाइन गेला की जाहिरात दाखवता येत नाही.

आता थोडं कायद्याचं. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरायचं सॉफ्टवेअरसुद्धा उपकरणात धरलं. तेव्हा तुमचं ॲप निदानाला चालतं की फक्त डोळ्यांखालून घालायला, हे ठळक लिहिणं तुमच्या मर्जीवर सोडलेलं नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी आम्हाला फोनवरून, व्हॉट्सॲपवरून सल्ला द्यायची मुभा दिली, पण जबाबदारी डॉक्टरच्याच डोक्यावर ठेवली. मला ती मान्य आहे. म्हणूनच मला अपुरं चित्र देऊन पुरं म्हणणारा माणूस मला सोसत नाही. डायकॉमच्या फाइलमध्ये चित्र दाबून त्यातली माहिती गाळली असेल तर तशी नोंद करायला वेगळा रकाना आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ पासून बसून हे मानक घडवलं, १९९३ ला त्याला डायकॉम हे नाव मिळालं, आणि प्रामाणिकपणासाठी एक रकाना त्यांनी त्यात ठेवला. तुम्ही फाइलच बदलून टाकलीत, म्हणजे रकान्याचा प्रश्नच मिटला.

त्याच फाइलमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, रुग्णालय, तपासणीची वेळ, सगळं लिहिलेलं असतं. चित्राबरोबर ते तुमच्याकडे गेलं. आमच्या गावात कोणाला काय आजार आहे ही बातमी तशीही लवकर फिरते, पण ती तोंडी फिरते आणि गावाबाहेर जात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, असा त्याचा गाभा आहे. माडावरून पडलेल्या माणसाने तुमच्याकडे रमी खेळायची इच्छा व्यक्त केली होती का?

माझ्याकडे येणारी माणसं विचारतात, डॉक्टर, मग कुठला ॲप घालू? मी एकाच ॲपचं नाव सांगत नाही, कारण ॲप विकली जातात, बदलतात, आज चांगलं ते पुढच्या वर्षी जाहिरातींनी भरतं. बघायचं काय ते सांगतो. डायकॉमची झिप थेट उघडते का. सगळे काप अंगठ्याने सरकवता येतात का. मेंदू, हाड, फुप्फुस अशा विंडो बदलता येतात का. बोट ठेवल्यावर तिथला आकडा दिसतो का आणि मोजपट्टी मिलिमीटरमध्ये मोजते का. तुमच्यासारख्या चित्रांवर मिलिमीटर लागूच पडत नाहीत, कारण एका ठिपक्याची लांबी किती ही माहिती फाइलबरोबरच गेली. फोन नंबर आणि ठिकाण मागणारं ॲप तिथल्या तिथे काढून टाका. आणि मॅमोग्राफी फोनवर बघूच नका, कुठल्याही ॲपवर. त्यातले चुन्याचे बारीक ठिपके बघायला खास पडदे असतात. छातीचा डिजिटल एक्स-रे फोनवर पाहिलात तर तुकड्यातुकड्याने मोठा करून बघा, एका नजरेत भरेल एवढा फोनचा पडदा नाही. सीटीचा काप मात्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, तो फोनवर पुरा मावतो. म्हणून रात्रीच्या वेळी, माणूस हलवायचा की नाही एवढं ठरवायला, फोन कामाचा आहे. सकाळी रेडिओलॉजिस्ट मोठ्या पडद्यावर वाचेल तो रिपोर्ट खरा.

स्कॅन सेंटरवाल्यांना दोन शब्द. पेशंटने पैसे मोजलेत ते तपासणीचे. फाइल त्याची आहे. सीडी देता, ठीक, पण आता सीडी घालायला खाच असलेला लॅपटॉप आमच्या अख्ख्या वाडीत सापडत नाही. पेन ड्राइव्हवर द्या, नाहीतर साध्या लिंकवर, जी महिन्याभरात मरणार नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असं आहे. डोक्यात रक्त साचलेल्या माणसाला ७२ तास म्हणजे फार. त्या तंत्रज्ञ पोराने फोल्डर झोपेतून उठून दिलं. रात्रपाळीला असेच पोरगे ठेवा, आणि त्यांना दिवसा झोपू द्या.

मी दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावलाय: सीटी, एमआरआयला जाताना रिकामा पेन ड्राइव्ह न्या, डायकॉमचं फोल्डर मागा, फिल्मचा फोटो पाठवू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लोक वाचतात. पेन ड्राइव्ह घेऊन येतात.

तुमच्याकडून मला तीन गोष्टींची लेखी उत्तरं हवी आहेत. त्या माणसाच्या मेंदूची चित्रं, नाव आणि जन्मतारीख तुमच्या कुठल्या सर्व्हरवर आहेत. ती आजवर कोणाकोणाला दिलीत. आणि ती पुसायची असतील तर त्याच्या मुलाने कोणाला फोन करायचा. तुमच्या ॲपमधल्या 'संपर्क' या बटणावर दाबलं की पुन्हा रमीच उघडते, तेव्हा तो नंबर कृपया याच अंकात, या पत्राखाली छापायला द्यावा.

कळावे,

मालवण तालुक्यातला एक डॉक्टर